नाते सुटले, अर्ज अडकला

नवऱ्यापासून वेगळी झालेली आपली एखादी भगिनी तहसील कचेरीत, अंगणवाडीत किंवा शिधावाटप कार्यालयात गेली की पहिला प्रश्न येतो, "घटस्फोटाचा कागद आहे का?" अनेकींकडे तो नसतो. तलाक किंवा खुला मोहल्ल्यातल्या चार बुजुर्गांसमोर झालेला असतो. काझीसाहेबांच्या वहीत उर्दूत चार ओळी असतात, कधी तेवढ्याही नसतात. आणि जिला नवरा तलाकही देत नाही, नांदवतही नाही, ती तर फॉर्मच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

सुरह बकरामध्ये साध्या उधारीचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवायला सांगितले आहे. सुरह तलाकमध्ये दोन न्यायी साक्षीदारांचा उल्लेख आहे. असे असताना मुलाबाळांचे पुढचे आयुष्य ज्यावर अवलंबून आहे, ती गोष्ट आपण तोंडी का ठेवतो, हे आम्हाला कळत नाही.

'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीत 2025 मध्ये हेच दिसले. पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला गेला. ज्या नवऱ्याने वर्षभर पोरांची चौकशी केली नाही, त्याच्याकडे ओटीपी मागायचा कसा? वडील हयात नसलेल्या घटस्फोटित महिलांसाठी पुढे सवलत आली, पण तीही घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याच्या अटीवर. म्हणजे पुन्हा कागदच.

केवळ तलाकनाम्यावर भागत नसेल तर कौटुंबिक न्यायालयाचा मार्ग आहे. 1984 च्या कायद्यातील कलम 7 नुसार हे न्यायालय व्यक्तीच्या वैवाहिक स्थितीबद्दल निर्णय देऊ शकते. मात्र एका दमात तीन तलाक लिहिलेला कागद कोणी हातात दिला असेल, तर तो 2019 च्या कायद्याने रद्दबातल आहे. त्याने घटस्फोट होत नाही, उलट नवऱ्यावर गुन्हा दाखल होतो आणि स्त्रीला स्वतःसाठी व मुलांसाठी निर्वाह भत्ता मागता येतो.

आता कमावत्या आईचे पाहू. संजय गांधी निराधार योजनेत दरमहा 1,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. महिन्याला 1,750 रुपये! शिलाईकाम करणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा यापेक्षा जास्त कमावते. पोरांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून ती कामाला गेली, आणि कामाला गेली म्हणून ती निराधार राहिली नाही. ही मर्यादा वाढवायलाच हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'लाडकी बहीण'साठी मर्यादा अडीच लाखांची आहे, पण दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा 1,500 किंवा त्याहून अधिक मिळत असतील तर तिचा लाभ मिळत नाही. तेव्हा दोन्हींची बेरीज मनात धरून घरखर्च आखू नये.

या दोन योजनांची चर्चा घरोघरी होते. नोकरी करणाऱ्या आईच्या जास्त कामाची योजना मात्र कोपऱ्यात पडून असते. ती म्हणजे बाल संगोपन योजना. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. आई-वडिलांचा घटस्फोट झाल्यामुळे किंवा ते विभक्त झाल्यामुळे एकाच पालकाकडे वाढणारी मुले तिच्यात येतात. 18 वर्षांपर्यंत प्रत्येक पात्र मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज तहसीलला नव्हे, जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. तिथून चौकशीसाठी घरी माणूस येतो आणि प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाते. घरी चौकशीला येणार म्हटले की काही बायका धास्तावतात, शेजारी काय म्हणतील म्हणून अर्जच करत नाहीत. त्या चौकशीत मुलाची परिस्थिती पाहिली जाते. मूल आईकडे राहते, शाळेत जाते, एवढे नीट सांगता आले की भिण्याचे कारण नाही.

बहुतेक अर्जांचे मूळ मात्र शिधापत्रिकेत असते. तिचे आणि मुलांचे नाव सासरच्या कार्डावर राहिले, तर उत्पन्नाच्या दाखल्यात नवऱ्याची किंवा दिराची कमाई मोजली जाण्याची शक्यता असते. म्हणून आधी तिथले नाव कमी करून घ्यावे, मग स्वतःचे कार्ड काढावे आणि त्यानंतर उत्पन्नाच्या दाखल्याकडे वळावे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार त्या कार्डावर घरातली 18 वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्रीच कुटुंबप्रमुख असते. बँकेचेही तसेच. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. ते खाते नवऱ्यासोबतचे असेल तर मंजूर झालेली रक्कम त्याच्याच हाती पडायची. नवे खाते उघडून आधार त्याला जोडून घ्यावे.

सरकारी मदत मिळू लागली म्हणून बाप सुटत नाही. मुलांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी कुरआनने बापावर टाकली आहे. देशाचा कायदाही तेच सांगतो. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागता येते, असा निर्णय दिला. ती तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 मध्ये आहे. "तू तर कमावतेस" हे उत्तर न्यायालयात पुरेसे ठरत नाही. पत्नी कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, हे 2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा खटल्यात स्पष्ट झाले आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तलाक न देता टाकून दिलेल्या भगिनीनेही हा अर्ज जरूर करावा. त्याची प्रत म्हणजे ती वेगळी राहत असल्याचा निदान एक लेखी पुरावा.

राहता राहिली जमात. निकाहाची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक मशिदीने तलाक आणि खुलाचीही तारीखवार नोंद ठेवावी आणि तिची शिक्क्यासह मराठी प्रत त्या स्त्रीला द्यावी. रमजानमध्ये जकातीच्या याद्या होतात, तेव्हा ती कामाला जाते म्हणून तिचे नाव आपोआप गळते. तिच्या पगारातून घरभाडे आणि शाळेची फी वजा करून काय उरते, हे तिला एकदा विचारून मगच यादी पक्की करावी.