अग्निवीर व्हायचंय? मग दवाखान्याचंही विचारा

ग्राउंडची तयारी जोरात आहे, कागदपत्रांची फाइल तयार आहे. अग्निवीर भरतीसाठी तुमच्या ग्रुपमधलं कुणीतरी पहाटे पळायला जात असेलच, कदाचित तुम्हीच. पगार किती, सेवा निधी किती, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चार वर्षांनी बाहेर पडल्यावर आजारी पडलात, तर खर्च कोण करणार?

पेन्शनवर निवृत्त झालेल्या सैनिकाला याचं उत्तर माहीत असतं: ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. १ एप्रिल २००३ पासून ती सुरू आहे. वर्गणी एकदाच भरायची. २०१७ च्या आदेशानुसार जवान ते हवालदार या हुद्द्यांसाठी ती ३० हजार रुपये. मग पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, औषधं आणि गरज पडल्यास पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलमध्ये कॅशलेस उपचार. पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडीलही यात येतात.

२०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेचं दार आणखी उघडलं. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर काम करून पेन्शनशिवाय बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांनाही ती मिळाली. तीनच वर्षांनी, १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्या अटींत मात्र स्पष्ट लिहिलंय: चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीन नाही आणि ईसीएचएसही नाही. कायम सेवेत घेतले जाणार जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणजे चारातल्या तिघांनी हे गृहीत धरूनच चालायला हवं.

नोकरीत असेपर्यंत काळजी नाही. लष्करी हॉस्पिटलमध्ये उपचार मिळतात, ४८ लाखांचा जीवन विमा असतो आणि सेवेमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार एकरकमी भरपाई मिळते. पण गुडघा किंवा पाठ नोकरी सोडल्यावर दुखायला लागली, तर? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती ठरावीक उपचारांपुरती. दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च तुमचा तुम्हालाच.

म्हणून दोन गोष्टी करा. सेवेतले सगळे वैद्यकीय कागद जपून ठेवा. दुखापत ड्यूटीवर झाली असेल तर तशी नोंद झाली का, ते तेव्हाच बघा. आणि सेवा निधीचे सुमारे दहा लाख व त्यावरचं व्याज हातात आलं, की गाडी बुक करण्याआधी स्वतःचा आरोग्य विमा काढा.

अजून एक. ईसीएचएस काय किंवा अग्निपथ काय, दोन्ही संसदेच्या कायद्याने नाही, सरकारच्या निर्णयाने आल्या. २०१९ चा बदलही तसाच झाला. त्यामुळे अग्निवीरांना ईसीएचएस द्या, ही मागणी करायला जागा आहे. मत मागायला कुणी दारात आलं, की हा प्रश्न त्यांना नक्की विचारा.