मार झेलणारी तार

खोताच्या वाडीतल्या चिंचोळ्या गल्लीत, जुन्या लाकडी घरांलगत दुचाक्या उभ्या असतात आणि आरशाला हेल्मेट लटकत असते. एखाद्यावर खरचटल्याची खूण दिसते. पडलो, पण हेल्मेट फुटले नाही, म्हणून तेच पुढे वापरणारे पुष्कळ आहेत. चूक होते ती इथेच.

हेल्मेटच्या आत थर्मोकोलच्या जातीचा थर असतो. डोके आपटले की त्यातले हवेचे बारीक कप्पे चिरडतात. त्यात धक्क्याची ऊर्जा खर्च होते, डोके थांबायला काही हजारांश सेकंद जास्त मिळतात आणि मेंदूवरचा आघात सौम्य होतो. मात्र चिरडलेले कप्पे पुन्हा पूर्ण फुगत नाहीत. बाहेरचे कवच धड दिसले, तरी त्या जागी दुसरा धक्का झेलण्याची ताकद फारशी उरत नाही.

मग वारंवार मार झेलणारा पदार्थ असतो का? असतो. त्याचा दूरचा नातेवाईक आपल्या मोरीतच सापडतो: भांडी घासायची तारेची घासणी. मुठीत दाबून सोडली, की ती बरीचशी पूर्ववत होते. अशाच गुंतलेल्या तारांपासून अभियंत्यांनी ‘धातूचे रबर’ बनवले. नावात रबर असले तरी पदार्थात ते अजिबात नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी करतात, ती ताणून साच्यात भरतात आणि जोराने दाबतात. तयार ठोकळ्यात बहुधा अर्ध्याहून अधिक जागा मोकळी असते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सोव्हिएत संघातल्या कुईबिशेव, म्हणजे आजच्या समारा शहरातल्या विमानविद्या संस्थेत या पदार्थावर मोठे काम झाले.

धक्का बसला की आतल्या तारा वाकतात आणि एकमेकींवर घासत सरकतात. घर्षणामुळे धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. फेसासारखे इथे काही फुटत नाही, म्हणून पुढच्या धक्क्यालाही ठोकळा तयार असतो. रबर कडाक्याच्या थंडीत ताठरते, तेलाने आणि उष्णतेने खराब होते. ही तार काहीशे अंश तापमानातही काम करते. म्हणूनच विमानाच्या इंजिनाजवळच्या नळ्यांची थरथर थोपवायला ती उपयोगी पडते.

तरी ती अमर नाही. पहिल्या काही धक्क्यांत तारा दाटीने बसतात. ठोकळ्याची उंची थोडी कमी होते आणि तो अधिक कडक होतो. त्यानंतर बराच काळ त्याचे वागणे स्थिर राहते. पुढे मात्र घासून घासून तारा झिजतात, काही तुटतात आणि धक्का शोषण्याची क्षमता घटते. मार जितका जोराचा, तितके हे लवकर घडते. म्हणून अशा पदार्थाची परीक्षा एका धक्क्यावर भागत नाही. धक्के देत राहायचे आणि दर टप्प्याला उंची व शोषलेली ऊर्जा मोजायची.

मग हेल्मेटमध्ये तारच का घालत नाहीत? कारण वजन. तारेचा थर फेसापेक्षा अनेक पटींनी जड होईल आणि तो भार मानेवर येईल. हलका फेस एकदाच, पण चोख काम करतो. त्याला दुसऱ्यांदा कामाला लावू नये. अपघातात डोके आपटले असेल, तर हेल्मेट कितीही चांगले दिसो, ते बदलावे आणि नवे घेताना आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावे.