हवेतले पाणी : कारखानदाराने आधी हिशोब मांडावा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातला कपड्याचा धंदा पाण्यावर चालतो. जीन्सची धुलाई असो की रंगाई, टँकर उशिरा आला की कारागिरांचा रोज बुडतो. अशा वेळी कोणी सांगितले की "नॅनो लेपाचा पत्रा छतावर टाका, हवेतून पाणी मिळेल", तर मन मोहणारच. म्हणून मालाची पारख आधी करावी.

मूळ गोष्ट खोटी नाही. आफ्रिकेच्या नामिब वाळवंटातील एका भुंग्याच्या पाठीवरचे उंचवटे धुक्यातले पाणी धरतात, मधला मेणचट भाग ते झटकतो आणि थेंब घरंगळतो, असे शास्त्रज्ञांनी २००१ साली मांडले. २००६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण वापरून तसाच पृष्ठभाग तयार झाला.

परंतु लेप पाणी निर्माण करीत नाही. धुके असेल तर तो थेंब गोळा करतो. नुसती दमट हवा असेल तर पृष्ठभाग थंड ठेवावा लागतो, आणि भरपूर पाणी हवे तर त्याला वीज लागते. लेपाचे काम एवढेच, की जमलेला थेंब लवकर खाली उतरावा.

आता हिशोब पाहा. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असताना एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम वाफ असते. सगळी वाफ काढली, तरी १०,००० लिटरच्या एका टँकरसाठी पावणेपाच लाख घनमीटर हवा लागेल. आणि सगळी वाफ कधीच निघत नाही. २०२२ साली मध्य रेल्वेने मुंबई विभागातील स्थानकांसाठी हवा थंड करून पाणी काढणारी यंत्रे मंजूर केली, तीही पिण्याच्या पाण्यापुरती. धुलाईची भट्टी त्यावर चालणार नाही.

मग आपल्या कामाचे काय? लेप देणे हेही एक हुनर आहे. ताडपत्री, छत्री, रेनकोट यांच्या कापडाला पाणी न धरणारे फिनिशिंग लागतेच. हे काम शिकणाऱ्या तरुणांनी नमुना दहा वेळा धुऊन तपासावा, रसायनात फ्लोरिन आहे का ते विचारावे आणि फवारताना मास्क लावावा.

धुलाईवाल्यांनी मात्र वापरलेले पाणी गाळून पुन्हा वापरण्यात पैसा घालावा. वालधुनीची दशा आपण डोळ्यांनी पाहिली आहे. वजूलाही पाणी जपून वापरण्याची शिकवण असलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. बरकत हवेत शोधण्याआधी हौदात शोधावी.