राउटरांमधील शेजारसंबंध

संगमेश्वर येथे शास्त्री व सोनवी या नद्या मिळतात, त्या केवळ त्यांच्या पात्रांची गाठ पडते म्हणून. संगणकजालातील राउटरांचे तसे नाही. तार जोडली आणि दिवा लागला, तरी तेवढ्याने दोन राउटर परस्परांचे शेजारी ठरत नाहीत. शेजार कोणत्या क्रमाने जुळतो, हे ओ.एस.पी.एफ. या मार्गनिर्धारणाच्या नियमावलीवरून चांगले कळते. तिची दुसरी आवृत्ती जॉन मॉय यांनी १९९८ साली आर.एफ.सी. २३२८ या दस्तऐवजात मांडली.

संगमेश्वर, देवरुख व रत्नागिरी येथे एकेक राउटर असून ते तिन्ही परस्परांस प्रकाशतंतूंनी जोडलेले आहेत, अशी कल्पना करू. संगमेश्वरच्या राउटरास मग दोन इंटरफेस लागतील : एक देवरुखकडील, दुसरा रत्नागिरीकडील. शेजारसंबंध जुळतो तो या प्रत्येक इंटरफेसवर स्वतंत्रपणे.

प्रत्येक इंटरफेसवरून सामान्यतः दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ हा लहानसा संदेश निघतो. त्यातील हॅलोचा कालावधी, प्रतीक्षेची मर्यादा, क्षेत्राचा क्रमांक व प्रकार आणि ओळख पटविण्याची रीत या गोष्टी दोन्ही बाजूंस सारख्या असाव्या लागतात. यांपैकी एकही जुळली नाही, तर संदेश पोहोचूनही तो त्याज्य ठरतो.

संदेश स्वीकारला गेला तरी संबंध अद्याप एकतर्फीच असतो. देवरुखच्या हॅलोमध्ये संगमेश्वरचा ओळखक्रमांक आढळला, म्हणजे ‘माझे बोलणे तिकडे ऐकू गेले’ अशी संगमेश्वरची खात्री पटते. संबंध दुतर्फी होतो तो येथे. यानंतर दोन्ही राउटर आपापल्या नोंदसंग्रहाचा गोषवारा परस्परांस देतात, उणे असेल ते मागून घेतात आणि दोहोंचे संग्रह एकरूप झाले म्हणजे पूर्ण संलग्नता आली असे मानतात. दोन्ही टोकांस संदेशाच्या कमाल आकाराची मर्यादा भिन्न असेल, तर हॅलो व्यवस्थित चालूनही गोषवाऱ्याची देवघेव अडून राहते.

एकाच सामायिक जालखंडावर अनेक राउटर असतील, तर प्रत्येकाची प्रत्येकाशी संलग्नता खर्चिक होते. दहा राउटरांत अशा ४५ जोड्या पडतील. म्हणून एक प्रमुख व एक उपप्रमुख राउटर निवडला जातो. इतर आठ राउटर या दोघांशीच पूर्ण संलग्न होतात आणि आपसांत दुतर्फी अवस्थेतच राहतात. अशा रीतीने १७ संलग्नता पुरतात. तेव्हा दुतर्फी अवस्थेत थांबलेला प्रत्येक संबंध सदोष समजू नये.

शेजार तुटण्याचा प्रश्न व्यवहारात अधिक महत्त्वाचा होय. पावसाळ्यात दरड कोसळून रत्नागिरीकडील तंतू इंटरफेसपर्यंत सरळ तुटला, तर प्रकाश जातो, बिघाड तत्काळ कळतो आणि वाहतूक देवरुखमार्गे वळते. परंतु मध्ये दुसरे उपकरण असून तुटफूट त्याच्या पलीकडे झाली, तर दिवा जळतच राहतो. मग हॅलोच्या अभावावरूनच बिघाड ओळखावा लागतो. त्यास साधारणतः ४० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ संदेश तुटलेल्या वाटेवरच नष्ट होत राहतात. प्रतीक्षा कमी करावी, तर क्षणिक व्यत्ययानेही शेजार मोडतो.

यास्तव जालाचे परीक्षण करताना दिव्यावर न विसंबता प्रत्येक इंटरफेसवरील शेजाराची अवस्था पाहावी. मार्गांचे पुढील सर्व गणित या अवस्थेवरच उभे असते.