‘सिन्स टू इयर्स’ का चुकतं? मराठी माणसाचं इंग्रजी व्याकरण नेमकं कुठे अडतं, समजून घ्या

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. पनवेल तालुक्यातल्या तरुणांसाठी ग्राउंड स्टाफ, कार्गो, हॉटेल, टॅक्सी काउंटर अशा नोकऱ्या आता घरापासून रिक्षाच्या अंतरावर आल्या आहेत. मात्र यातल्या बऱ्याच नोकऱ्यांची मुलाखत इंग्रजीत होते.

समजा, कामोठ्याची एक पदवीधर तरुणी अशा मुलाखतीला बसली आहे. कळंबोलीतल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत ती दोन वर्षांपासून काम करतेय. सध्या काय करता, असा पहिला प्रश्न येतो. ती सांगते, “आय ॲम वर्किंग इन कळंबोली सिन्स टू इयर्स.” वाक्य चुकलं, पण कुठे चुकलं हे तिला कुणी सांगत नाही. समोरचा मान हलवतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. प्रोग्रॅम चुकला तर कंपायलर निदान ओळ क्रमांक तरी दाखवतो. इथे तेवढीही सोय नाही.

या वाक्यात चूक नेमकी काय?

चुका दोन आहेत आणि दोन्हींचं मूळ मराठीत आहे. ‘मी दोन वर्षांपासून काम करतेय’ हे मराठी वाक्य वर्तमानकाळात आहे, कारण काम अजून सुरू आहे. तरुणीने तेच क्रियापद तसंच्या तसं इंग्रजीत नेलं. इंग्रजी मात्र अशा वेळी मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेला काळ वेगळ्या रूपाने दाखवते, ‘हॅव बीन वर्किंग’.

दुसरी चूक ‘पासून’ची. आपण ‘दोन वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘२०२४ पासून’ही म्हणतो. इंग्रजीत याचे दोन शब्द होतात. सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’, किती काळ झाला ते सांगायचं असेल तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स २०२४’, पण ‘फॉर टू इयर्स’. हिंदीतला ‘से’ही ‘पासून’सारखाच दोन्हीकडे चालतो. त्यामुळे मुलाखत घेणारा स्वतःही चहाच्या टपरीवर ‘सिन्स टू इयर्स’ म्हणत असण्याची शक्यता बरीच आहे. पण नोकरी त्याला हवी नसते.

आता हीच तरुणी घाबरून सोपं वाक्य करायला गेली आणि ‘आय वर्क्ड इन कळंबोली फॉर टू इयर्स’ म्हणाली तर? व्याकरणात हे वाक्य बिनचूक आहे. ऐकणाऱ्याला मात्र वाटेल, हिने नोकरी सोडलीय. पुढचा प्रश्न येईल, का सोडली? काळाची चूक नुसती कानाला खटकते असं नाही, ती माहितीच बदलते. म्हणून बाकी सगळ्या चुकांआधी ही सुधारायला हवी, असं मला वाटतं.

पहिलीपासून इंग्रजी शिकूनही असं का?

राज्यातल्या मराठी शाळांमध्ये २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज पंचविशीत असलेल्यांनी बारावीपर्यंत किमान १२ वर्षं हा विषय घेतलाय. पेपरही सोडवलेत. ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये व्हॉइस बदला, ‘टू’ काढून वाक्य लिहा, ‘नो सूनर… दॅन’ वापरा. आमच्या पिढीला हे झोपेतही येतं. पण ‘नो सूनर’ने सुरू होणारं वाक्य मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि ‘किती दिवसांपासून’ हे रोज लागतं.

काळ शिकवला जातो तो १२ चौकटींच्या तक्त्याने. कर्ता अधिक क्रियापद अधिक कर्म, अशी सूत्रं. सूत्र पाठ झालं की गुण मिळतात. ते कधी वापरायचं, हे मात्र चौकटीत लिहिलेलं नसतं.

तक्ता एका ठिकाणी तर सरळ फसवतो. शाळेच्या मराठी व्याकरणातही साधा, अपूर्ण, पूर्ण असे कप्पे असतात. मराठी व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजीची छाया दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून आहे. त्यामुळे मराठीतला पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे इंग्रजीतला प्रेझेंट परफेक्ट, असं समीकरण डोक्यात पक्कं बसतं. मराठीत ‘मी कालच फॉर्म भरलाय’ हे अगदी सहज वाक्य आहे. त्याचं ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टरडे’ केलं की चुकलं. काल, मागच्या महिन्यात, २०२३ मध्ये अशी संपलेली वेळ वाक्यात आली की इंग्रजीला ‘हॅव’ चालत नाही, साधा भूतकाळच लागतो. कप्प्याचं नाव दोन्हीकडे सारखं असलं तरी आतला माल वेगळा आहे.

‘डिड यू वेन्ट’ आणि ‘दे गोज’

मराठीत प्रश्न करायला ‘का’ पुरतो. ‘तू गेलास’ला ‘का’ जोडलं की झाला प्रश्न, क्रियापद जागचं हलत नाही. इंग्रजीत मदतीला ‘डिड’ येतं आणि भूतकाळाचं ओझं तेच उचलतं. मग मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जातं, ‘डिड यू गो’. मराठी सवयीने आपण ‘वेन्ट’ तसंच ठेवतो.

‘दे गोज’चं कारण थोडं वेगळं. नामाला ‘एस’ लागला की अनेकवचन, हे पहिल्यांदा शिकलेलं असतं. त्यामुळे ‘ते’ अनेक आहेत म्हटल्यावर क्रियापदालाही ‘एस’ लावावासा वाटतो. क्रियापदाचा ‘एस’ मात्र नेमका एकवचनी, तोही फक्त ‘तो’, ‘ती’, ‘ते’साठी. खरं तर ही बाजू इंग्रजीत फार सोपी आहे. आपण ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ म्हणतो, म्हणजे खाणारा तोच असून क्रियापद आंबा-पोळीकडे बघून बदलतं. हे ज्याला विचार न करता जमतं, त्याने एका ‘एस’ला घाबरावं हे जरा गमतीचंच.

‘मला’ आणि ‘शी’ची गोष्ट

मला दोन बहिणी आहेत, माझ्याकडे बाइक आहे, मला ताप आहे. मराठीत तीन वाक्यांत शेवटी ‘आहे’ येतं, म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ होतं. इंग्रजीत तिन्हींना साधं ‘आय हॅव’ पुरे. ‘मला माहिती आहे’चं ‘आय ॲम नोइंग’ होतं, तेही याच जातीचं. तिथे फक्त ‘आय नो’.

आपले प्रत्ययही असेच सोबत जातात. ‘तिच्याशी लग्न केलं’मधल्या ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ हर’, आणि ‘त्याबद्दल चर्चा केली’मधल्या ‘बद्दल’मुळे ‘डिस्कस्ड अबाउट इट’. दोन्हीकडे मधला शब्द नको असतो.

‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच?

शब्द नाहीत, पण कल्पना आहे. ‘तो डॉक्टर शोधतोय’ आणि ‘तो डॉक्टरांना शोधतोय’ ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात कुठलाही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठरावीक डॉक्टर आहेत, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला माहीत असलेले. पहिलं ‘अ डॉक्टर’, दुसरं ‘द डॉक्टर’. हा फरक आपण लहानपणापासून करतो, तो वर्गात दाखवून दिला जात नाही एवढंच. अर्थात यातून सगळे ‘द’ सुटत नाहीत. मात्र ‘द’ राहून गेला म्हणून बोलणं अडत नाही, त्यामुळे तो यादीत शेवटी ठेवला तरी चालेल.

मग सुरुवात कुठून करायची?

स्टेशन परिसरात ‘फाडफाड इंग्रजी’च्या पाट्या दिसतात. क्लास लावायचाच असेल तर आधी एक गोष्ट विचारून घ्या. चुकलेलं वाक्य मराठीशी ताडून का चुकलं ते सांगणार, की पुन्हा तक्ताच देणार? क्लास परवडत नसेल तर बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पाचवी ते आठवीच्या पुस्तकांपासून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही.

मोबाइलच्या व्हॉइस रेकॉर्डरवर स्वतःबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोला आणि लगेच ऐका. ऐकताना फक्त क्रियापदं कागदावर उतरवा, बाकी सोडून द्या. प्रत्येकापुढे लिहा, गोष्ट संपली की सुरू आहे? संपली असेल आणि वेळ सांगितली असेल तर साधा भूतकाळ, मागे सुरू होऊन अजून चालू असेल तर ‘हॅव बीन’. आठवडाभर एवढंच करा. प्रश्नार्थक वाक्यं पुढच्या आठवड्यात घ्या. त्यातही ‘कॅन यू टेल मी’ने सुरू होणारी आधी, कारण काउंटरवर तीच सर्वांत जास्त लागतात. ‘व्हेअर इज द गेट’ हा प्रश्न त्यांच्या पोटात गेला की ‘व्हेअर द गेट इज’ असा उलटा होतो.