विमानातील प्रवाशांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे : एका निर्बंधाची मीमांसा

विमान सुटण्यापूर्वी प्रवाशांस आपले मोबाइल ‘फ्लाइट मोड’मध्ये ठेवण्याची सूचना दिली जाते. ती न पाळल्यास विमान संकटात सापडेल असे काहींस वाटते. काहींच्या मते ती निव्वळ उपचार होय. दोन्ही मते अपुरी आहेत. ह्या निर्बंधामागे एकच कारण नसून, निरनिराळ्या काळी निरनिराळी कारणे त्यास येऊन मिळाली आहेत.

पहिले कारण रेडिओचे. अमेरिकेत मे १९६१ मध्ये प्रवासी विमानांत सुटे एफएम रेडिओ लावण्यास मनाई झाली. जो रेडिओ केवळ ऐकतो, तो उपद्रव कसा करील? ह्याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. प्रत्येक रेडिओत एक स्थानिक आंदोलक असतो आणि तो सामान्यतः इष्ट केंद्राच्या कंप्रतेहून १०·७ मेगॅहर्ट्झने अधिक कंप्रतेवर चालतो. १००·१ मेगॅहर्ट्झचे केंद्र ऐकू लागताच रेडिओतून ११०·८ मेगॅहर्ट्झच्या क्षीण लहरी बाहेर पडतात. विमानास दिशा दाखविणाऱ्या ‘व्हीओआर’ केंद्रांचा पट्टा १०८ ते ११८ मेगॅहर्ट्झ असा आहे. दूरच्या केंद्राकडून येणारा संकेतही क्षीणच असल्याने ही भेसळ उपेक्षणीय ठरत नाही.

पुढे इतर उपकरणांसही हा नियम लागू झाला. श्रवणयंत्रे, हृदयस्पंदक, ध्वनिमुद्रक व विजेचे वस्तरे वगळता, उपकरण निरुपद्रवी असल्याचा निर्णय विमानकंपनीने करावयाचा होता. येथेच खरी अडचण होती. उपकरणाची जागा, खिडक्यांतून बाहेरील आकाशकापर्यंत जाणारी लहरींची वाट आणि कंप्रतांचा योगायोग ह्या सर्वांवर परिणाम अवलंबून असल्यामुळे, वैमानिकांनी नोंदविलेले व्यत्यय जमिनीवर पुन्हा घडवून आणणे क्वचितच साधे. बाजारातील प्रत्येक उपकरणाची परीक्षा तर अशक्यच होती.

मोबाइलची गोष्ट काहीशी वेगळी आहे. अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने १९९१ मध्ये उड्डाणात त्याच्या वापरास मनाई केली, ती मुख्यतः जमिनीवरील जाळ्याच्या रक्षणासाठी. तेथे त्याच कंप्रता थोड्याथोड्या अंतरावर पुन्हा वापरलेल्या असतात. उंचावरील मोबाइल एकाच वेळी अनेक मनोऱ्यांच्या दृष्टिपथात येतो व ही व्यवस्था विस्कळित करू शकतो.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने प्रश्नच उलटा मांडला. उपकरण निर्दोष आहे काय, हे पाहण्याऐवजी विमान अशा उत्सर्जनास सहनशील आहे काय, हे पाहावे. तसे सिद्ध झालेल्या विमानांत उड्डाण व अवतरणाच्या वेळीही फ्लाइट मोडमधील उपकरणे वापरण्याची वाट मोकळी झाली. भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानेही २०१४ मध्ये फ्लाइट मोडमधील वापरास मुभा दिली. उपकरणे अगणित, विमानांचे प्रकार मोजके. म्हणून सिद्धतेचा भार विमानावर ठेवणे शास्त्रीय दृष्ट्याही अधिक सयुक्तिक होते.

दरम्यान लिथियम बॅटरीमुळे आगीचे नवे भय उद्भवले आहे. म्हणूनच सुट्या बॅटऱ्या सामानकक्षात न देता हातसामानात ठेवावयाच्या असतात. तेथे धूर त्वरित दिसतो व आग आटोक्यात आणता येते. ह्या भयास फ्लाइट मोडचा काहीच उपाय नाही. निर्बंधाचे कारण प्रवाशास सांगितले नाही, तर एका भयाचा उपाय दुसऱ्यासही पुरेल असा समज होतो. आणि एक कारण मागे पडताच सर्वच सूचना निरर्थक वाटू लागतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही उदासीनता लहरींहून कमी घातक नाही.