आळशी स्ट्रीमची हुशारी

मार्च २०१४ मध्ये जावाची आठवी आवृत्ती आली आणि यादीवर लूप फिरवण्याच्या सवयीला स्ट्रीमचा पर्याय मिळाला. ‘फिल्टर’ने निवडायचं, ‘मॅप’ने रूप बदलायचं.

खरी गंमत आहे ती स्ट्रीमच्या आळसात! ३, ८, ५, १२ या यादीतून सम संख्या निवडून त्यांचे वर्ग करायचे आणि ‘फाइंडफर्स्ट’ने पहिलंच उत्तर मागायचं, असा सराव करून पाहावा. मध्ये प्रत्येक संख्या पडद्यावर छापायला ‘पीक’ लावलं की दिसतं: ३ गाळला जातो, ८ चा वर्ग ६४ हाती येतो आणि काम थांबतं. ५ आणि १२ ला हातही लागत नाही. ‘फाइंडफर्स्ट’ लिहिलंच नाही, तर पडद्यावर अक्षरही उमटत नाही.

नवशिके हमखास अडखळतात ते एकदा वापरलेला स्ट्रीम पुन्हा वापरताना. प्रोग्रॅम तिथेच एरर देतो. मूळ यादी मात्र शाबूत असते. तिच्यावरून नवा स्ट्रीम काढायचा.